'रिकामीच आहे ती!': वाचकांचे प्रश्न, माजी एनसीसी मास्तरांची उत्तरं

मागच्या अंकात बालेवाडीच्या शूटिंग रेंजबद्दल लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की शाळेत पोरांना पोहणं आणि ट्रॅफिकचे नियम शिकवतो तशी बंदुकीची सुरक्षापण थोडी शिकवायला हवी. एवढंच. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की संपादकांनी सांगितलं, आता या वेळचं सदर तुम्ही यावरच भरा. भरतो. सगळी पत्रं घेता आली नाहीत, काही जणांनी नुसत्याच शिव्या दिल्यात त्यांना मनापासून नमस्कार.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. त्याच्या मामाने वाढदिवसाला एअरगन आणून दिली. मामा म्हणतो याला लायसन पण लागत नाही, म्हणजे खेळणंच आहे. आता मुलगा गॅलरीतून कबुतरांवर नेम धरत बसतो. सोसायटीतल्या काकूंनी तक्रार केली. काढून घ्यावी का? घेतली तर मामा रुसेल, मुलगा तर रडेलच.
*एक आई, कोथरूड*

ताई, मामाचं अर्धं बरोबर आहे आणि तेच जास्त धोक्याचं आहे. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी नसलेली आणि २० ज्यूलच्या आत ताकद असलेली एअरगन लायसनशिवाय मिळते हे खरं, पण लायसन लागत नाही म्हणजे लागली तर काही होत नाही असं कुठे लिहिलंय? लायसन तर सुरीलापण लागत नाही. ज्या एअर रायफलने ऑलिंपिकमध्ये १० मीटरवर नेम धरतात तिचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या वर वेगाने जातो, अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा तुकडा असतो फक्त, पण डोळ्यात गेला तर डोळा गेला. त्यात दुसरं मत घ्यायला कुठल्या डॉक्टरकडे जायची गरज नाही.

आता माझंच सांगतो. आमच्या घरी आईचं गोदरेजचं कपाट होतं, त्याच्या उजव्या दारावर खालच्या बाजूला एक पोचा आहे, मसुराच्या दाण्याएवढा. वीस वर्षं त्यावर कालनिर्णय लटकवलेलं होतं, आईला ते कॅलेंडर इतकं खाली का लावलंय हे कधी कळलं नाही. मी तेव्हा कॉलेजात, एनसीसीचं सगळ्यात वरचं सी सर्टिफिकेट मिळवलेला, स्वतःला फार शहाणा समजणारा. मित्राची एअरगन आणली होती, ती मधून मोडून ताण द्यायची असते तशातली. आदल्या संध्याकाळी गच्चीवर आम्ही डबे पाडले, शेवटी पाऊस आला म्हणून पळत खाली आलो. छर्रा भरलेला, ताण दिलेला, तशीच कोपऱ्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला दाखवत होतो की चाप कसा ओढतात, तोंडाने म्हणतोय 'अगं रिकामीच आहे ती', आणि फट्ट. ती कपाटासमोरून नुकतीच स्वयंपाकघरात गेली होती, आईने हाक मारली म्हणून. हाक मारली नसती तर मी आज हे सदर लिहीत नसतो.

म्हणून सांगतो, बाहेरून बघून कळत नाही. तशा एअरगनला ताण दिलाय का, आत छर्रा आहे का, हे उघडून नळीत बघितल्याशिवाय देवालासुद्धा सांगता यायचं नाही.

कबुतरांचं म्हणाल तर मलाही त्यांचा वैताग आहे, माझ्या गॅलरीची काय अवस्था आहे ते तुम्हाला माहित नाही. पण पक्ष्यांवर छर्रे मारणं हा खेळ नाही, वन्यजीव कायद्याच्या भानगडीत पडाल ते वेगळंच, आणि मुख्य म्हणजे समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या कबुतराच्या बरोबर मागे आहेत. नेम चुकला की छर्रा हवेत विरघळत नाही, तो कुठेतरी जातोच. भिंतीवर आपटून उलटा पण येतो. आम्ही रेंजवर पोरांना पहिल्या दिवशी हेच विचारतो, तुझ्या टार्गेटच्या मागे काय आहे? बहुतेक पोरं म्हणतात, भिंत. मग विचारायचं, भिंतीच्या मागे?

काढून घ्या म्हणजे कायमची नको, पण आजपासून ती कुलपात आणि छर्रे दुसऱ्या कुलपात, दोन्हीच्या चाव्या तुमच्याकडे. आणि मामालाच कामाला लावा, दर रविवारी मुलाला एखाद्या रेंजवर घेऊन जायची जबाबदारी त्याची. तीन रविवारात एक तर मुलाला गोडी लागेल नाहीतर मामाला कंटाळा येईल, दोन्हीत तुमचा फायदा. अजून एक, छर्रे शिशाचे असतात. पोरांना ते तोंडात धरायची सवय असते, खिळे तोंडात धरणाऱ्या सुतारासारखी. तोंडात अजिबात नाही, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय वडापाव नाही.

प्रश्न : आमच्या मुख्याध्यापकांना तुमचं वाक्य फारच आवडलं. त्यांनी मला सांगितलंय की पाचवी ते दहावी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून एक तासाचं 'शस्त्र सुरक्षा' सेशन घ्या, पीपीटी करा. मी मराठी शिकवते हो! काय दाखवू?
*एक शिक्षिका, सातारा रोड*

बाई, आधी तर पीपीटी करू नका. माझ्या एका वाक्याने तुमचा शनिवार गेला त्याबद्दल सॉरी.

पाचवीच्या पोराला आणि दहावीच्या पोराला एकच गोष्ट सांगायची नसते. लहानांना बंदूक कशी चालते हे सांगायचंच नाही. त्यांना फक्त सापडली तर काय करायचं एवढंच. अमेरिकेत १९८८ पासून लहान मुलांसाठी 'एडी ईगल' नावाचा एक गरुड फिरवतात, तिथल्या रायफल असोसिएशनचाच कार्यक्रम आहे, त्याचं सांगणं चार तुकड्यांचं : थांब, हात लावू नको, पळ, मोठ्यांना सांग. साधं आहे, चांगलं आहे. पण गंमत ऐका, तिथल्याच संशोधकांनी नंतर मुलांना खोलीत बसवून बघितलं तर ज्या मुलांना ते चारही तुकडे घडाघडा पाठ होते त्यातली बरीच समोर बंदूक दिसल्यावर सरळ हातात घेऊन खेळायला लागली. पाठांतर आणि हात यांचा काही संबंधच नाही बघा. आपल्याला हे सांगायला संशोधक कशाला पाहिजे, 'रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघावे' हे दहा मार्काला लिहून शाळेच्या गेटातून सुसाट पळणारी पोरं आपण रोज बघतो.

मग करायचं काय तर नाटक. तुम्ही मराठीच्या बाई आहात, तुम्हाला हे पीटीच्या सरांपेक्षा चांगलं जमेल. दप्तरात टिकल्यांचं पिस्तूल ठेवा, दिवाळीतलं असतंच कुणाच्या तरी घरी. एका पोराला सांगा हे दप्तर उघड आणि पेन काढ. पिस्तूल दिसल्यावर त्याने हात मागे घ्यायचा, शेजारच्यालापण मागे ओढायचं, आणि चालत येऊन तुम्हाला सांगायचं. एकेकाकडून करून घ्या, बाकीचे हसतील, हसू द्या. हसता हसता हात शिकतो. जो उचलून 'ढिश्क्याव' करेल त्याला रागवू नका, पुन्हा करायला लावा. महिन्याभराने न सांगता परत एकदा ठेवून बघा, तेव्हा खरं कळेल.

आणि 'मोठ्यांना सांग' हा शेवटचा तुकडा आपल्याकडे सगळ्यात अवघड. कारण पोरांना माहित असतं की सांगितलं तर आधी आपल्यालाच चौकशी, तू तिथे काय करत होतास, कोणाबरोबर होतास, घरच्यांना बोलाव. पुण्यात आपण रोज पेपरात वाचतो, अल्पवयीन मुलांकडे कोयते सापडले, गावठी कट्टा सापडला, रीलसाठी पिस्तूल घेऊन फोटो काढला. त्या प्रत्येक बातमीत दोनचार वर्गमित्र असे असतात ज्यांना आधीच माहित होतं. ते बोलले नाहीत कारण बोलण्याची सोय नव्हती. तेव्हा शाळेने आधी हे ठरवावं की जो सांगेल त्याचं नाव फुटणार नाही, आणि ते पाळावं. ते पाळता येत नसेल तर तुमचं नाटकपण करू नका, उगाच पोराला तोंडघशी पाडाल.

आठवीच्या वरच्यांना मात्र थोडं विज्ञान सांगा. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाईड गनने किती पोरांचे डोळे गेले ते आठवतंय ना? कार्बाईडच्या गॅसने धडाका करणारा प्लास्टिकच्या पाईपचा तो जुगाड, रील बघून घेतलेला. त्यातले कित्येक असेच, की आवाज झाला नाही म्हणून पोराने पाईपात डोकावून बघितलं आणि तेव्हाच तो पेटला. बंदुकीतही अगदी हेच असतं. चाप ओढला आणि गोळी सुटली नाही तर ती कधीकधी उशिरा सुटते. म्हणून नळी टार्गेटकडेच ठेवायची, थांबायचं, हात वर करायचा, मास्तर येऊन बघेल. न फुटलेल्या सुतळी बॉम्बलाही हाच नियम लावा, त्याच्यावर तर आपल्या पोरांचा रोजचा अभ्यास आहे.

प्रश्न : सर मी नववीत आहे, एनसीसी घेतलंय. पुढच्या कॅम्पला आमचं पहिलं फायरिंग आहे. सिनियर म्हणतात खांदा निखळतो आणि कान बंद होतो. मला खूप भीती वाटते पण सोडायचं पण नाहीये.
*कॅडेट, हडपसर*

सिनियर खोटं बोलतात गं, आमचेपण बोलायचे. पॉइंट टू टूच्या, म्हणजे बारीक गोळीच्या, रायफलला धक्का जवळपास नसतोच. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट धर, सैल नको. आवाज होतो, कापसाचे बोळे नको, कानाचे प्लग माग, लाजू नको.

तू आडवी पडशील, पाय फाकवून, टाचा जमिनीला. टार्गेट २५ गजांवर. पाच राउंड, म्हणजे पाच गोळ्या, मिळतील. तुला वाटेल सगळं लक्ष नेमावर द्यायचंय, पण मी तुला दुसरंच सांगतो, तुझं लक्ष तुझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर ठेव. ते बोट टार्गेटवर नेम बसेपर्यंत चापावर नाही, चापाच्या वर लाकडावर सरळ. खोकला आला, शिंक आली, मुंगी चावली, कोणी तुझं नाव घेऊन हाक मारली, तरी बोट लाकडावर. आणि हाक मारली की वळायचं नाही! पोरं मानेने वळत नाहीत, रायफल घेऊन वळतात, आणि मग रांगेतल्या सगळ्यांचा जीव नळीसमोर येतो. त्या छोट्याशा गोळीला कमी समजू नको, मोकळ्या माळावर ती दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते.

'खाली कर', म्हणजे रिकामी कर, म्हटल्यावर मॅगझीन काढणं म्हणजे रायफल रिकामी होणं नाही, एक राउंड नळीच्या मागच्या टोकात बसलेला असू शकतो. बोल्ट मागे ओढून आत डोळ्याने बघायचं. मग उठायचं. शेवटी पुंगळ्या मोजतात, पाच राउंड दिले तर पाच रिकाम्या पुंगळ्या परत पाहिजेत, एक कमी असली तर सगळी पलटण गवतात रांगत शोधते, आणि प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायचं की माझ्याकडे जिवंत राउंड नाही, रिकामी केस नाही. तुला ते सरकारी नाटक वाटेल. आठवण म्हणून एक पुंगळी खिशात टाकावी असंही वाटेल, मलाही वाटलं होतं. टाकू नको. नेमबाज अंजली भागवत एनसीसीतूनच शूटिंगकडे आल्या, त्यांनाही हे सगळं करावं लागलं असणारच. ग्रुपिंग, म्हणजे पाचही गोळ्या किती जवळजवळ लागल्या ते, किती इंचाचं आलं मला कळव.

प्रश्न : स्वप्निल कुसाळेला मेडल मिळाल्यापासून मुलगी मागे लागलीय, रायफल घ्या म्हणून. किती खर्च येतो?
*एक बाबा, औंध*

आधी रायफल घेऊ नका. स्वप्निलने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं तेव्हापासून सगळ्या बाबांना हाच प्रश्न पडलाय. बाहेरची चांगली मॅच रायफल लाखांत जाते, आणि सहा महिन्यांनी पोरगी म्हणते मला कथक करायचंय. आधी क्लबच्या रायफलवर शिकू द्या. क्लब निवडताना मेडलं बघू नका, हे बघा की ज्या रायफली टेबलावर नुसत्या पडल्यात त्यांच्या नळीतून ती भडक रंगाची दोरी, सेफ्टी फ्लॅग म्हणतात तिला, आरपार घातलेली आहे का. आणि कोणी टार्गेटकडे चालत गेलं तर बाकीचे रायफलीपासून हात बाजूला करून उभे राहतात का. नसतील तर नमस्कार करून दुसरा क्लब बघा.

प्रश्न : आपण काय अमेरिका आहोत का? इथे लोकांकडे बंदुका नाहीत, हे आपलं सुदैव. शाळेत बंदुकीचं नाव काढून तुम्ही नसलेली खाज निर्माण करताय. उद्या म्हणाल दारू कशी सुरक्षित प्यावी ते शिकवा.
*एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ*

पत्राच्या शेवटी तुम्ही 'उत्तराची अपेक्षा नाही' असं लिहिलंय, तरी देतो, कारण अर्धं मला पटलंय.

आपण अमेरिका नाही. तिकडे टेनेसी राज्याने २०२४ मध्ये कायदाच केला की शाळेत बंदुकीची सुरक्षा शिकवायची, नंतर अजून एकदोन राज्यांनी केला, कारण तिकडे मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवताना घरात बंदूक आहे का हे विचारायची वेळ येते. आपल्याकडे २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय लायसन मिळत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, लग्नात हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत आत किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं चांगलंच आहे. टेनेसीचा अभ्यासक्रम उचलून पुण्यात आणा असं मी म्हणालो नाही, आणला तर मीच पहिला विरोध करीन.

आणि तिकडचा एक आक्षेप मला फार खरा वाटतो, की मुलाला शिकवलं की मोठ्या माणसाला वाटतं चला आपली जबाबदारी संपली, आणि कपाटाला कुलूप लावायचं राहून जातं. सातवीतल्या पोराच्या शहाणपणावर आपण आपला निष्काळजीपणा टेकवायचा हे बरोबर नाहीच.

पण नाव काढलं नाही तर खाज येत नाही, हे नाही पटलं काका. तुमच्या पेठेतच गणपतीत स्टॉलवर पाण्यात फुगणाऱ्या जेलच्या गोळ्या मारणाऱ्या बंदुका टांगलेल्या असतात, हुबेहूब खऱ्यासारख्या. मोबाईलवर पोरं दिवसाला शंभर माणसं मारतात. कंबरेला पिस्तूल लावलेल्या भाऊचं रील पाचवीतल्या पोराने बघितलेलं असतं, पिस्तुलाला घोडा म्हणतात हेसुद्धा त्याला माहित असतं. नाव काढणारे खूप आहेत हो. फक्त त्यातला एकही जण पोराला सांगत नाही की नळी खाली कर. दारूचं म्हणाल तर तो वेगळा विषय, त्यावर संपादक मला जागा देणार नाहीत.

प्रश्न : मी माजी सैनिक. घरी लायसनची जुनी रिव्हॉल्व्हर आहे. मे महिन्यात मुलगा, सून आणि दोन नातू बंगलोरहून येतात. सूनबाई म्हणतात ते शस्त्र घरात असेल तर आम्ही हॉटेलात राहू. चाळीस वर्षांत माझ्या हातून काही झालेलं नाही, कपाटात वरच्या खणात रिकामीच असते. हा अपमान नाही का?
*एक आजोबा, वानवडी*

सलाम साहेब. तुम्ही मला शिकवायचं, मी तुम्हाला नाही. पण विचारलंच आहे तर सांगतो, अपमान नाही. सूनबाईंनी तुम्हाला नाही विचारलंय, त्या कपाटाला विचारलंय.

वरचा खण म्हणजे कुलूप नव्हे. नातवंडांना आजोबांच्या कपाटात काय कुठे आहे ते आजोबांपेक्षा जास्त माहित असतं, चॉकलेट शोधताना सगळं पालथं घातलेलं असतं त्यांनी. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदाच्या पायाला गोळी लागली ती आठवते? घरात कोणी शत्रू नव्हता, पहाटे बाहेर निघताना स्वतःचीच लायसनची रिव्हॉल्व्हर हातातून पडली आणि सुटली. जुन्या धाटणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे मागची हातोडी, थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला असतो, वरून जोरात पडली तर चाप ओढायची पण गरज नाही. तुमची कोणत्या काळातली आहे ते तुम्हाला माहित.

निवडणुकीच्या वेळी तुम्ही ती पोलीस स्टेशनला जमा करतच असाल, पावती घेऊन. तेव्हा अपमान वाटतो का? तशी मे महिन्यापुरती लायसनवाल्या डीलरकडे ठेवता येते का ते विचारा, रीतसर पावती घेऊन. ते नको असेल तर लोखंडी पेटी, भिंतीला बोल्ट मारून बसवलेली, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, चावी तुमच्या गळ्यातल्या दोऱ्याला. आंघोळीला जातानासुद्धा.

आणि साहेब, तुम्ही पत्रात 'रिकामीच असते' असं लिहिलंय. आज रात्री सगळे झोपल्यावर, नळी वाळूच्या बादलीकडे करून, चकरी उघडा आणि एकेका भोकात करंगळी घालून मोजा. जेवढी भोकं तेवढ्या वेळा. मग सूनबाईंना फोन करा आणि पेटी कुठे बसवलीय ते सांगा. नातवांना सांगू नका.